सार्जंटिणीची साक्ष

नऊ महिने सार्जंटिणीनं देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, की नवरा धडधाकट घरी येऊ दे. देवानं ऐकलं. नवरा हातीपायी धड परत आला, आणि दोन आठवडे होतात न होतात तोच तिला वाटायला लागलं, भीक नको पण कुत्रा आवर.

असं वाटणं पाप आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. छावणीच्या चर्चमध्ये रविवारची शाळा तीच घ्यायची. देवाचे उपकार कसे मानावेत, हे लहान मुलांना फळ्यावर चित्रं काढून समजावायची. पण चित्रातला नवरा पहाटे शिट्टी वाजवत नाही, हा फरक आहे.

वसाहतीत तिला सगळे सार्जंटीणच म्हणत. नवरा सार्जंट म्हणून ती सार्जंटीण, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं तिच्या आवाजात होतं. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ती मुलांना हाक मारायची, तेव्हा मैदानावरचे दोन-चार शिपाई सवयीनं ताठ उभे राहायचे असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात, पण हे मात्र खोटं वाटत नाही.

नवरा सीमेवरच्या चौकीवर गेला तशी घराची सगळी सूत्रं तिच्या हातात आली. नळ गळायला लागला, तेव्हा तिनं वायसर बदलायला शिकून घेतलं. फ्यूज उडाला, बसवला. गाडीची बॅटरी बसली तेव्हा शेजारच्या दोघींना मागून ढकलायला लावून गाडी चालू केली. धाकट्याला सायकल शिकवताना त्याच्यामागं पळून पळून स्वतःचा गुडघा फोडून घेतला. हळूहळू कपाटातल्या नवऱ्याच्या खणात जाड पांघरुणं गेली. पलंगावर त्याच्या बाजूला इस्त्रीचे कपडे पडायला लागले. जेवणाच्या टेबलाशी त्याच्या खुर्चीवर थोरलीचं दप्तर बसू लागलं. कुणी मुद्दाम केलं नाही. रिकामी जागा दिसली की वस्तू येऊन बसतातच.

आणि वसाहतीतल्या बायकांचा एक अलिखित नियम होता, की चौकीवरच्या माणसाला घरची काळजी लागू द्यायची नाही. फोन आला की ती म्हणायची, "इकडे सगळं ठीक." तिकडून तोही म्हणायचा, "इकडेही सगळं ठीक." दोघंही श्रद्धाळू, दोघंही रोज गुडघ्यावर येऊन प्रार्थना करणारे, आणि दोघंही आठवड्यातून एकदा नेमानं थापा मारणारे.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. सार्जंटच्या घरात तेवढेही निघाले नाहीत. पहिले दोन-तीन दिवस तो नुसता झोपला. मग एका पहाटे शिट्टी वाजली. थोरली दचकून पलंगावरून खाली आली. धाकटा मात्र खूश झाला आणि चड्डीवरच रांगेत उभा राहिला. त्याच्या मागं कुणी नव्हतं, पुढंही कुणी नव्हतं, तरी तो रांगेत उभा होता.

ह्या धाकट्याला घरात बटण म्हणायचे. रांगत्या वयात त्यानं बापाच्या गणवेशाचं एक बटण गिळलं होतं, आणि ते परत मिळेपर्यंत अख्ख्या तुकडीनं चौकशी केली होती. बापावर त्याची भारी भक्ती. बापानं फोनवर त्याला वायरलेसवर कसं बोलतात ते शिकवलं होतं, तेव्हापासून तो प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणायचा नाही, 'ओव्हर' म्हणायचा, आणि डोळे मिटून थांबायचा. सार्जंटिणीनं एकदा त्याला दटावलं, तर म्हणाला, "अगं, ओव्हर म्हटलं की आता समोरच्यानं बोलायचं असतं. तुम्ही आमेन म्हणून उठता. त्यानं बोलायचं कधी?" रविवारच्या शाळेच्या बाईंनी त्याला झोपायला पाठवलं.

तर शिट्टी वाजली, आणि घरात शिस्त आली. चादरींच्या घड्या तपासल्या जाऊ लागल्या. ती टॉवेलाची घडी तिहेरी घालायची, तो उलगडून चौपदरी घालायचा. एका दुपारी ती बाजारातून परत येते तो फळीवरचे सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे, मोठ्याकडून लहानाकडे, दोन डब्यांत बोटभर अंतर. मीठ आणि साखर एकाच उंचीची, त्यामुळे शेजारी-शेजारी. त्याच संध्याकाळी पाळकसाहेब सार्जंटला भेटायला आले. त्यांनी मिठाचा चहा कपाच्या तळापर्यंत प्यायला, "छान झालाय" म्हणाले आणि वर पाणी मागितलं. सैन्यातला पाळक तो. त्यानं काय काय गिळलं असेल ते देवच जाणे.

तो काहीही हातात घ्यायला गेला, की तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "असू द्या, मी करते." प्रेमानंच निघायचं. दमून आलेला माणूस, त्याला कशाला कामाला लावायचं? पहिल्यांदा प्रेमानं, मग घाईनं, मग दात ओठ खाऊन. वाक्य तेच राहिलं.

एका संध्याकाळी थोरली मैत्रिणीकडे निघाली. बाप म्हणाला, "दिवेलागणीच्या आत घरी."

"आईला विचारलंय मी," थोरली म्हणाली आणि चपला घालून गेली. उद्धटपणे नाही, नुसतं सांगितलं आणि गेली. सार्जंटनं आत येऊन डबे पुन्हा एकदा सरळ केले.

गुरुवारी कडेलोट झाला. तिनं बसवलेला वायसर त्याला पसंत पडला नाही. "हे काही खरं नाही," म्हणत त्यानं नळ उघडला, आणि मुख्य झडप बंद करायची राहिली. पाण्याचा फवारा छतापर्यंत गेला. इस्त्रीचे कपडे भिजले, थोरलीचं दप्तर भिजलं, बटण आनंदानं नाचायला लागला. प्लंबर आला, त्यानं नळाकडे पाहिलं, सार्जंटकडे पाहिलं आणि सार्जंटिणीला विचारलं, "बाई, आधी कुणी बसवला होता? चांगला बसवला होता की."

सार्जंटनं पोछा उचलला.

"असू द्या, मी करते," ती म्हणाली.

फरशी पुसून ती न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली, बादली उलटी घालून तिच्यावर बसली आणि हात जोडले. "प्रभू," ती म्हणाली, "तुझे उपकार मी विसरलेली नाही. पण ह्यांना थोडे दिवस परत ने. फार नाही, थोडे दिवस. मला जरा श्वास घेऊ दे. आमेन." आणि पटकन उठली, न जाणो कुणी ऐकायचं.

शुक्रवारी जेवताना सार्जंट ताटातून डोळे वर न काढता म्हणाला, "हुकूम आलाय. पुढच्या आठवड्यात परत चौकीवर जायचंय. सहा महिने."

थोरलीचा घास हातातच राहिला. बटणानं विचारलं, "शिट्टी ठेवून जाणार का?" सार्जंटीण मात्र मनात हिशोब करायला लागली. आयुष्यात इतक्या प्रार्थना केल्या. भावाच्या नोकरीसाठी केली, स्वतःच्या कंबरेसाठी केली, सगळ्यांना देवानं सावकाश उत्तर दिलं. आणि न्हाणीघरात बादलीवर बसून केलेली ही एक तेवढी त्यानं दुसऱ्या दिवशी मंजूर करावी?

त्यात रविवार तोंडावर आलेला. छावणीच्या त्या चर्चची एक रीत होती. चौकीवरून कुणी सुखरूप परत आला, की भर उपासनेत उभं राहून उपकारस्तुतीची साक्ष द्यायची, आणि ती शिपायानं नाही, त्याच्या बायकोनं द्यायची. पूर्वी शिपायांनाच उभं करायचे, पण ते "सगळं ठीक होतं, धन्यवाद" एवढं बोलून खाली बसायचे, म्हणून कुणा जुन्या पाळकानं ही रीत पाडली. बायका मात्र बोलायच्या. रात्रीची काळजी, फोनची वाट, दारात वाजलेली पावलं, मग अश्रू, मग मंडळींचं "प्रभूची स्तुती असो". चढाओढच असायची म्हणा ना. ह्या रविवारी पाळी सार्जंटिणीची होती. तिनं साक्ष पाठ करून ठेवली होती, रडायची जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

शनिवारी सकाळी ती पाळकसाहेबांकडे गेली. ते चर्चच्या व्हरांड्यात बाकाचा मोडका पाय ठोकत बसले होते.

"साहेब, उद्याची साक्ष मी देणार नाही."

"का बरं?"

तिनं सगळं सांगितलं. शिट्टी, टॉवेल, डबे, नळ, बादली. सांगताना आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज किती खाली जाणार? आवारातला माळी झारी घेऊन लांब सरकला.

पाळकसाहेबांनी हातोडी खाली ठेवली. "म्हणजे तुमच्या प्रार्थनेमुळे सैन्यानं हुकूम काढला?"

"दुसऱ्याच दिवशी, साहेब."

"बाई, ह्या चर्चच्या गळक्या छपरासाठी मी आलो तेव्हापासून प्रार्थना करतोय. रोज. उपास करून. अजून एक पत्रा मिळालेला नाही. आणि तुम्ही न्हाणीघरात बसून एका दमात माणूस हलवलात? असं असेल तर उद्यापासून छपराचं तुमच्याकडेच देतो."

तिला हसू आलं नाही. "चेष्टा करू नका. मी मागितलं हे तर खरं ना?"

"ते खरं," पाळकसाहेब म्हणाले. "ते मला सांगून काय उपयोग? मला कुठं हलवायला निघाला होतात तुम्ही? ज्याच्याबद्दल मागितलंत त्याला सांगा. साक्षीचं म्हणाल, तर साक्ष म्हणजे जे घडलं ते सांगणं. गोड तेवढंच सांगायचं, असं मी तरी कुणाला शिकवलेलं नाही. मिठाचा चहा झाला तर मिठाचा झाला म्हणावं."

"तुम्ही तर छान झालाय म्हणालात," ती म्हणाली.

"चुकलंच माझं," पाळकसाहेब म्हणाले आणि पुन्हा खिळा धरला.

ती घरी निघाली. वाटेत वसाहतीच्या फाटकाशी ड्रायव्हरीण समोर आली. ड्रायव्हर सार्जंटच्याच तुकडीतला, वयानं लहान, त्याची बायको नवव्या महिन्यात. तिनं येऊन सार्जंटिणीचे दोन्ही हात धरले आणि भर रस्त्यात रडायला लागली.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? ह्यांचा नंबर लागला होता हो चौकीसाठी. बाळंतपण तोंडावर, माहेरचं कुणी नाही. सार्जंट साहेबांनी मंगळवारी कचेरीत जाऊन ह्यांच्या जागी आपलं नाव दिलं. काल मोठ्या साहेबांनी मंजूर केलं. नुकते तर आले होते साहेब! तुम्ही हो म्हणालात म्हणून."

सार्जंटिणीनं आपले हात हळूच सोडवून घेतले. "काळजी घे, ऊन लागेल," एवढं म्हणाली आणि पुढं निघाली.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. नाव मंगळवारचं, प्रार्थना गुरुवारची, म्हणजे देवाच्या दरबारात तिच्या नावावर काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हे हायसं टिकलं. दुकान ओलांडलं आणि मग तिच्या डोक्यात तिडीक गेली. परोपकार करायला तिची ना नव्हती. पण घरी येऊन बायकोला सांगायचं काय, तर हुकूम आलाय!

सार्जंट मागच्या पायरीवर बसून बूट पॉलिश करत होता. त्याचे झाले होते, मुलांचे झाले होते, आता तिची चर्चची काळी चप्पल हातात होती.

"ड्रायव्हरीण भेटली होती," ती म्हणाली.

ब्रश थांबला.

"हुकूम आलाय म्हणालात."

"आलाच आहे. नाव दिलं, मग हुकूम आला."

"चांगलं काम केलंत. पोरीचा जीव भांड्यात पडलाय. पण मला का नाही सांगितलंत? मी अडवलं असतं?"

"नसतं अडवलंस." त्यानं चप्पल खाली ठेवली. "तेच तर. अडवलं नसतंस."

ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो ब्रशाचे केस बोटानं चाळवत होता. मग बोलायला लागला, आणि इतकं सलग तो नऊ महिन्यांत फोनवरही बोलला नव्हता.

"ड्रायव्हरचं निमित्त झालं. लोक आता मला मोठा त्यागी म्हणतील. खरं सांगतो, त्याची बायको गरोदर नसती तरी मी काहीतरी काढलं असतं. चौकीवर माझी पहाऱ्याची एक पाळी आहे. मी आजारी पडलो तर ती रिकामी राहते, कुणाला तरी माझ्यासाठी जादा उभं राहावं लागतं, आणि तो मला शिव्या घालतो. इथं मी नऊ महिने नव्हतो. काय रिकामं राहिलं? सांग ना. नळ चालतो, गाडी चालते, पोरं चालतात. मी आलो तर तुला माझी खुर्ची मोकळी करावी लागली."

तिला हे इतकं लागलं, की आवाज आपोआप चढला. "मग काय करायला हवं होतं मी? नळ गळत ठेवायचा होता? पोराला सायकलवरून पडू द्यायचं होतं? तुमची जागा घ्यायची हौस नव्हती मला. पाणी वाहत होतं, ते थांबवलं मी. तुम्ही तिकडं, जिवावरचं काम. मी रडत बसले असते तर चाललं असतं तुम्हाला?"

"नसतं चाललं."

"मग?"

"तुझी चूक आहे असं म्हणालो का मी?"

"मग कुणाची आहे?"

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मागच्या अंगणात बटण सायकलवर गोल गोल फिरत होता, दोन्ही हात सोडून.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "गुरुवारी, पाणी पुसल्यावर, मी देवाला म्हटलं, ह्यांना परत ने. थोडे दिवस."

तिला वाटलं, आता हा उठून जाईल, आणि गेला तर बोलायला तोंड नाही आपल्याला.

"मग?" त्यानं विचारलं. "काय म्हणाला?"

"कोण?"

"देव."

"मी थांबलेच नाही. आमेन म्हणून बाहेर आले."

सार्जंटला हसू फुटलं. परत आल्यापासून पहिल्यांदा तो हसला, चांगला पोट धरून हसला, हातातलं पॉलिश तोंडाला लागलं तरी हसत राहिला. तीही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि हे रडणं ठरवून ठेवलेल्या जागेवरचं नव्हतं. त्याची तिला फार आठवण आली होती. तो शेजारी बसला होता आणि तिला त्याची आठवण येत होती. दोन आठवडे तिला हेच कळत नव्हतं.

रविवारी ती साक्षीला उभी राहिली. चर्च भरलेलं होतं. पुढच्या बाकावर मोठे साहेब आणि त्यांच्या बाई, मधल्या बाकांवर तुकडीची कुटुंबं, मागं ड्रायव्हर आणि ड्रायव्हरीण. सगळ्या बायका रुमाल काढून तयार.

"मी देवाकडे नवरा मागितला," ती म्हणाली, "आणि देवानं दिला. सगळाच्या सगळा दिला, शिट्टीसकट. पण मी त्याच्यासाठी घरात जागा ठेवली होती फोटोएवढी. फोटो बरा असतो. तो टॉवेलाच्या घड्या मोडत नाही."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली.

"ह्या गुरुवारी मी देवाला सांगितलं, ह्याला परत घेऊन जा. साक्ष खरी द्यायची असते म्हणून सांगते. ज्याच्यासाठी नऊ महिने गुडघे झिजवले, त्याला परत ने म्हणाले. तरी देवानं मला हाकललं नाही. ह्या माणसानंही हाकललं नाही, काल माझ्या चपलेला पॉलिश करून दिलं. माझ्याकडे एवढीच साक्ष आहे."

आणि ती खाली बसली. छपराच्या पत्र्यावरून कबूतर चाललेलं ऐकू आलं. मग मागून ड्रायव्हरीण मोठ्यानं म्हणाली, "प्रभूची स्तुती असो." मग आणखी एकजण म्हणाली. मग सगळ्या. उपासना संपल्यावर दारात कारकुनाची बायको तिच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "गेल्या वर्षी मीही हेच मागितलं होतं गं. साक्षीत मात्र रडले." मोठ्या साहेबांच्या बाईंनी तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

आवारात ड्रायव्हर टोपी हातात घेऊन सार्जंटपुढं आला. पोरगाच तो, मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी जातो चौकीवर. तुमचं घर... मला माहीत नव्हतं. आज अजून साहेबांना सांगता येईल."

सार्जंटनं बायकोकडे पाहिलं. आता निवाडा तिच्या हातात होता. एक शब्द बोलली असती, तर नवरा घरी राहिला असता, आणि आज तिला तो खरोखर हवा होता. तिनं ड्रायव्हरिणीकडे पाहिलं. ती कडुलिंबाखाली कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि काही ऐकू येत नसल्यासारखं करत होती.

"तू घरी थांब," सार्जंटीण ड्रायव्हरला म्हणाली. "हे जातील." मग नवऱ्याला म्हणाली, "पण पळून जायचं नाही. माझं एक काम घ्या आणि मग जा. असं काम, की तुमच्याशिवाय ह्या घरात ते कुणी करणार नाही."

सार्जंटनं घरी येईपर्यंत विचार केला. नळ तिचाच राहू दे म्हणाला. प्लंबरनंही तेच सांगितलं असतं. शेवटी बटणाच्या डोक्याकडे पाहून म्हणाला, "ह्याचे केस मी कापणार. आजपासून केस माझे."

अंगणात स्टूल मांडलं, मानेला चादर बांधली. सार्जंटनं कात्री चालवली ती अशी, की डाव्या कानावर पायऱ्या झाल्या आणि मागं एक टक्कल पडलं. थोरली हसून हसून लोळली. मग तिनंच बापाच्या हाताला धरून कंगवा कसा उभा धरायचा ते दाखवलं. सार्जंटिणीच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तिनं ते गिळलं आणि आत जाऊन उगीचच डबे पुसले. पुढच्या आठवड्यात सार्जंट गेला. जाताना ह्या वेळी "निघतो" म्हणाला नाही, "येतो" म्हणाला.

मग बटणाचे केस वाढायला लागले. पायऱ्या बुजल्या, टक्कल भरलं, कपाळावर झुलपं आली. ड्रायव्हरला मुलगी झाली. तो कृतज्ञतेनं केस कापायचं मशीन घेऊन आला, "दोन मिनिटांत करतो, ताई," म्हणाला. सार्जंटिणीनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. फोनवर आता ती 'सगळं ठीक' म्हणत नव्हती. नळ ठीक, थोरलीचं गणित बेताचं, आणि केस कानाखाली आले, असं सांगायची. तिकडून तो म्हणायचा, "हात लावू देऊ नकोस कुणाला." थोरली फोन ओढून घ्यायची आणि विचारायची, "बाबा, कधी येताय? हा आता बघवत नाही."

रविवारच्या शाळेतल्या पोरांनी बायबलच्या चित्रांतल्या लांब केसांच्या माणसांवरून बटणाला 'संदेष्टा' म्हणायला सुरुवात केली. त्याला आवडलं. तो हात वर करून आशीर्वाद द्यायला लागला. रोजच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला मात्र ते आवडलं नाही. पाचव्या महिन्यात त्यांनी सार्जंटिणीला बोलावून घेतलं.

"अहो, सैनिकाचं मूल आणि हा अवतार?" त्या म्हणाल्या. "समोर रस्ता ओलांडला की न्हावी आहे. किती वेळ लागतो? पाच मिनिटांचं काम."

सार्जंटिणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. बटण घसरगुंडीवरून उलटा येत होता, केस पंख्यासारखे पसरलेले.

"काम पाच मिनिटांचंच आहे, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज आज कधी नव्हे तो खाली आला होता. "पण ज्याचं आहे तो अजून यायचाय."